जुन्या लॅन कार्डाच्या ड्रायव्हरसाठी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग: बॅकअप डिस्क बनवणाऱ्याच्या नजरेतून

हार्ड डिस्कची संपूर्ण इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावर काढून ठेवण्यासाठी आपण जी बूट होणारी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह बनवतो, तिची अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येते. डिस्क चालू होते, बॅकअपचा प्रोग्राम पडद्यावर येतो, आतली हार्ड डिस्कही व्यवस्थित दिसते, पण नेटवर्क मिळत नाही, कारण त्या संगणकातल्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, त्या डिस्कवर नसतो. मशीन दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असेल तर त्याच्यासोबत आलेली सीडी केव्हाच हरवलेली असते आणि मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलचे पानही अनेकदा काढून टाकलेले असते. शोधयंत्रात कार्डाचे नाव टाकले की समोर येतात ती ‘मोफत ड्रायव्हर’ देण्याच्या नावाखाली भलतेच प्रोग्राम उतरवणारी संकेतस्थळे. अशा वेळी ड्रायव्हर मिळवण्याच्या ज्या जागा आहेत, त्यांपैकी सर्वांत विश्वासार्ह जागा म्हणून मी मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगकडे, म्हणजे विंडोजचे अपडेट आणि ड्रायव्हर शोधून उतरवता येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळाकडे, पाहतो. हे परीक्षण मुख्यतः त्या सेवेचे आहे, आणि जिथे ती अपुरी पडते तिथे मी कशाकडे वळतो तेही सांगणार आहे.

ही गरज केवळ हौशी लोकांची आहे असे कोणी समजू नये. लहान कारखान्यांत, छापखान्यांत, पतसंस्थांत आणि निदान केंद्रांत विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालणारी मशीन आजही कामावर आहेत, कारण त्यांना जोडलेले यंत्र किंवा त्यांवरचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही आणि ते बदलण्याचा खर्च मालकाला परवडत नाही. अशा मशीनची हार्ड डिस्क गेली तर ते पुन्हा उभे करण्यासाठी लागणाऱ्या सीड्या, लायसन्सचे क्रमांक आणि मूळ जोडणी करणारा माणूस यांपैकी काहीही हाताशी नसते. म्हणून हार्ड डिस्क चालू असतानाच तिची इमेज काढून ठेवणे हाच त्या मालकासाठी खरा विमा असतो.

यूएसबीला बाहेरची डिस्क जोडून काम भागत असताना नेटवर्कचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. पुष्कळ जुन्या मशीनांना फक्त यूएसबी १.१ असते आणि त्याचा कमाल वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे कागदावर दीड मेगाबाइट. ४० जीबीची डिस्क त्या वेगाने उतरवायला सात तासांहून अधिक वेळ लागेल, आणि प्रत्यक्षात तेवढाही वेग मिळत नाही. त्याच मशीनमध्ये १०० मेगाबिटचे लॅन कार्ड असेल तर सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास वेग धरता येतो आणि तेच काम साधारण तासाभरात होते. कारखान्यात मशीन जेवणाच्या सुट्टीपुरतेच थांबवता येते, तेव्हा हा फरक काम होण्या-न होण्याचा असतो.

कॅटलॉगकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती नीट न कळल्यामुळे पुष्कळ जण चुकीच्या ड्रायव्हरच्या मागे लागतात. ड्रायव्हर लागतो तो बूट डिस्कवर जी प्रणाली आहे तिच्यासाठी. मशीनच्या हार्ड डिस्कवर कोणते विंडोज आहे याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. मशीनवर एक्सपी असेल आणि आपली बॅकअप डिस्क विंडोज १० वर आधारलेल्या ६४ बिट विनपीईची (बूट डिस्कवरून चालणाऱ्या छोट्या विंडोजची) असेल, तर आपल्याला त्या लॅन कार्डाचा विंडोज १० चा किंवा त्याला चालणारा ६४ बिट ड्रायव्हर हवा. एक्सपीचा ३२ बिट ड्रायव्हर कितीही मेहनतीने शोधला तरी तो तिथे चालणार नाही. उलट दिशेनेही हेच लागू पडते: विंडोज ७ च्या काळातल्या विनपीई ३ वर बनवलेली जुनी बॅकअप डिस्क २०१३ नंतरच्या इंटेल आय२१७ लॅनच्या मशीनवर नेली तर नेटवर्क मिळत नाही, कारण ती चिप त्या विंडोजच्या नंतर आली.

विनपीई म्हणजे विंडोजची ती छोटी आवृत्ती, जी मेमरीत चढून एक्स या अक्षराच्या ड्राइव्हवरून चालते आणि जिच्यावर मॅक्रियमपासून इतर बहुतेक बॅकअप प्रोग्रामांची रेस्क्यू डिस्क उभी असते. तिच्या पिढ्या लक्षात ठेवल्या की शोध सोपा होतो. विनपीई २ व्हिस्टाची, ३ विंडोज ७ ची, ४ विंडोज ८ ची, ५ विंडोज ८.१ ची, आणि त्यानंतरची विंडोज १० ची. फक्त ३२ बिट प्रोसेसर असलेल्या मशीनसाठी ३२ बिट विनपीईच लागते आणि ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या एडीके संचापासून (विनपीई बनवण्याच्या साधनांच्या संचापासून) देणे बंद केले आहे. शेवटची ३२ बिट आवृत्ती विंडोज १० च्या २००४ या क्रमांकाच्या (हे साल नव्हे) आवृत्तीसोबतच्या संचात आहे. जुन्या मशीनांचे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो संच आताच उतरवून जपून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. लॅन कार्डाचे नाव हा त्याचा भरवशाचा पत्ता नसतो. कार्डावर विक्रेत्याचे नाव छापलेले असते आणि आत चिप दुसऱ्याच कंपनीची असते. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपांची कार्डेही बाजारात आलेली आहेत. खरी ओळख असते ती चिपमध्ये कोरलेल्या दोन क्रमांकांची: एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. विंडोज चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या गुणधर्मांत, तपशिलाच्या पानावर, हार्डवेअर आयडी निवडला की हे दोन्ही क्रमांक दिसतात. विंडोज चालत नसेल तर कोणतीही लिनक्स लाइव्ह डिस्क लावून ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएन’ या पर्यायासह दिली की चौकोनी कंसात तेच क्रमांक मिळतात. रिअलटेकचा उत्पादक क्रमांक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, थ्रीकॉमचा १०बी७, व्हियाचा ११०६, मार्व्हेलचा ११एबी. आणि इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला, जो तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचा आहे. मार्टिन मारेश यांनी सुरू केलेल्या पीसीआय क्रमांकांच्या सार्वजनिक यादीत हे क्रमांक टाकले की चिप नेमकी कोणती ते कळते. ही यादी लिनक्सच्या बहुतेक सर्व वितरणांसोबत येते आणि तिच्याइतके उपयोगी लोकांनी मिळून केलेले काम या क्षेत्रात मला दुसरे माहीत नाही.

हे क्रमांक हाती आले की कॅटलॉगचा खरा उपयोग सुरू होतो, कारण त्याच्या शोधपेटीत हार्डवेअर आयडी जसाच्या तसा टाकता येतो. पीसीआय हा शब्द, त्यापुढे उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक असलेला तुकडा घ्यायचा आणि त्यानंतरचा सबसिस्टिमचा व रिव्हिजनचा भाग सोडून द्यायचा. तो ठेवला तर शोध इतका अरुंद होतो की पुष्कळदा काहीच हाती लागत नाही. शोध दिल्यावर येणाऱ्या तक्त्यात शीर्षक, कोणत्या विंडोजसाठी, वर्गीकरण, शेवटच्या बदलाची तारीख, आवृत्ती आणि आकार असे रकाने असतात आणि शेवटी डाउनलोडचे बटण. नोंदणी नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. २०१६ पर्यंत हे संकेतस्थळ फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आणि तेही ॲक्टिव्हएक्सचा जोड बसवल्यावरच उघडत असे. त्या वर्षी ती अट गेली आणि आता कोणत्याही ब्राउझरमधून, लिनक्सच्या मशीनवरूनही, ते वापरता येते.

शीर्षकावर टिचकी मारल्यावर उघडणारी छोटी खिडकी ही या सेवेची सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि घाईत असलेले लोक नेमकी तीच वगळतात. त्या खिडकीत ड्रायव्हरचा उत्पादक, मॉडेल, आवृत्ती आणि आवृत्तीची तारीख असते, प्रोसेसरची रचना असते, आणि तो ड्रायव्हर कोणकोणत्या हार्डवेअर आयडींना लागू पडतो त्यांची यादी असते. आपला क्रमांक त्या यादीत आहे की नाही हे उतरवण्याआधीच तपासता येते, ही सोय बहुतेक उत्पादकांच्या संकेतस्थळांवर नाही. रचनेच्या जागी ‘एएमडी६४’ असे दिसले तर इंटेलचा प्रोसेसर असलेल्यांनी गोंधळून जाऊ नये. ६४ बिट विंडोजच्या त्या रचनेला मायक्रोसॉफ्ट हेच नाव देते आणि तो ड्रायव्हर इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरलाही तितकाच चालतो.

उतरणारी फाइल कॅब प्रकारची, म्हणजे झिपसारखी एकत्र बांधलेली, असते आणि तिच्यात केवळ ड्रायव्हरच्या मूळ फाइली असतात: बसवण्याच्या सूचनांची आयएनएफ, प्रत्यक्ष ड्रायव्हरची सिस आणि सहीची कॅट फाइल. बॅकअप डिस्क बनवणाऱ्यासाठी हे वरदान आहे. उत्पादक कंपन्या पुष्कळदा एकच सेटअप प्रोग्राम देतात, तो विनपीईमध्ये चालत नाही, आणि त्याच्या पोटातून आयएनएफ फाइल बाहेर काढण्यासाठी सेव्हन-झिपने खटपट करावी लागते. इथे विंडोजची ‘एक्सपांड’ ही आज्ञा किंवा सेव्हन-झिप वापरून कॅब उघडली की थेट वापरता येणारा फोल्डर मिळतो. आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल असते, त्यामुळे ती नोटपॅडमध्ये उघडून आपला क्रमांक शोधून पाहावा, आणि तो सापडला तरच पुढे जावे.

पुढचे पाऊल मी नेहमी दोन टप्प्यांत टाकतो. आधी तयार असलेली बॅकअप डिस्क त्या मशीनवर चालू करून, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर नेलेला ड्रायव्हर ‘डीआरव्हीलोड’ या आज्ञेने तात्पुरता चढवून पाहायचा. ‘आयपीकॉन्फिग’ने पत्ता दाखवला आणि ‘नेट यूज’ने बॅकअपचा फोल्डर जोडला गेला, म्हणजे ड्रायव्हर योग्य आहे हे सिद्ध झाले. मगच विनपीई जिच्यात साठवलेली असते ती बूट डॉट विम ही फाइल माउंट करून (फोल्डरसारखी उघडून) विंडोजच्या डीआयएसएम या साधनाच्या ‘ॲड-ड्रायव्हर’ पर्यायाने तो कायमचा आत टाकायचा. या क्रमामुळे चुकीचे ड्रायव्हर डिस्कवर साचत नाहीत, आणि प्रत्येक प्रयोगासाठी नवी डिस्क बनवण्याचा वेळही वाचतो.

कॅटलॉगमध्ये दोषही आहेत आणि ते किरकोळ नाहीत. पहिला दोष शोधाच्या निकालांचा. रिअलटेकच्या ८१६८ या क्रमांकाचा शोध दिला की निकालांची इतकी गर्दी होते की योग्य ओळ शोधणे हेच काम होऊन बसते. हा एकच क्रमांक त्या कंपनीने अनेक वर्षांच्या अनेक चिपांसाठी वापरला आहे आणि प्रत्येक पिढीचे अनेक ड्रायव्हर कॅटलॉगमध्ये पडून आहेत. कॅटलॉग एका शोधासाठी जास्तीत जास्त १००० निकाल दाखवतो, तेही पंचवीस-पंचवीसच्या पानांत. विंडोजच्या आवृत्तीनुसार किंवा ३२-६४ बिटनुसार गाळून घेण्याची सोय त्यात नाही. रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारून क्रम लावता येतो, इतकेच. शोधाच्या शब्दांत ‘विंडोज ७’ असे जोडले की निकाल थोडे आटोक्यात येतात, पण एवढ्या मोठ्या कंपनीकडून गाळणीची साधी सोय मिळू नये याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे संकेतस्थळ ज्यांना सर्वांत उपयोगी आहे ते लोक अडलेल्या मशीनसमोर उभे राहून शोध घेत असतात.

दुसरा दोष शीर्षकांचा आणि तारखांचा. वेगवेगळ्या ओळींची शीर्षके शब्दशः सारखी असतात, आणि ‘शेवटचा बदल’ या रकान्यातली तारीख ड्रायव्हरच्या स्वतःच्या तारखेशी जुळतेच असे नाही. एकूणच ड्रायव्हरच्या तारखेवर विसंबू नये. विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६ हीच तारीख कायम ठेवलेली असते आणि इंटेलने आपल्या चिपसेटच्या फाइलींवर १८ जुलै १९६८, म्हणजे कंपनीच्या स्थापनेची तारीख, घातलेली आहे. दोन्हींमागचा हेतू असा की उत्पादकाचा खास ड्रायव्हर उपलब्ध असेल तर या सामान्य ड्रायव्हराने त्याची जागा घेऊ नये. निवड करायची ती आवृत्तीच्या क्रमांकावरून आणि आयडींच्या यादीवरून.

सर्वांत नवी आवृत्ती नेहमीच योग्य असते, हा समजही इथे सोडावा लागतो. विंडोज ७ ला एसएचए-२ पद्धतीच्या डिजिटल सहीची ओळख मार्च २०१५ मधल्या केबी३०३३९२९ या अपडेटमुळे मिळाली. विनपीई ३ मूळ संचातून बनवलेली असेल तर तिच्यात ते अपडेट नसते, आणि केवळ नव्या पद्धतीची सही असलेला ६४ बिट ड्रायव्हर ती नाकारू शकते. अशा डिस्कसाठी २०१५ पूर्वीची आवृत्ती निवडणे शहाणपणाचे ठरते, आणि जुन्या आवृत्त्याही यादीत शेजारीच ठेवलेल्या असतात, ही कॅटलॉगची जमेची बाजू आहे.

फाइलींच्या नावांबद्दलही एक शब्द. उतरलेल्या कॅब फाइलचे नाव आकडे-अक्षरांची लांबलचक माळ असते आणि त्यातून काहीही बोध होत नाही. उतरवल्याबरोबर हार्डवेअर आयडी, विंडोजची पिढी आणि बिट यांच्या नावाने फोल्डर करून ती त्यात ठेवली नाही, तर महिन्याभराने ती फाइल असून नसल्यासारखी होते.

इंटेलच्या कार्डांसाठी मात्र मी कॅटलॉगऐवजी, शक्य असेल तेव्हा, इंटेलचा स्वतःचा नेटवर्क ड्रायव्हरांचा एकत्र संच पसंत करतो. तो उघडला की आत एनडीआयएसच्या (विंडोजच्या नेटवर्क ड्रायव्हरांच्या ठरलेल्या साच्याच्या) आवृत्तीनुसार फोल्डर असतात: ६२ विंडोज ७ साठी, ६३ विंडोज ८ साठी, ६४ विंडोज ८.१ साठी आणि ६५ विंडोज १० साठी. एवढी शिस्तबद्ध मांडणी दुसऱ्या कोणत्याही उत्पादकाकडे मी पाहिलेली नाही. पण उत्पादकाच्या संकेतस्थळावर कायमचा भरवसा ठेवता येत नाही, हेही इंटेलनेच दाखवून दिले: २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये तिने आपल्या जुन्या मदरबोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर डाउनलोड केंद्रातून काढून टाकले. त्यानंतर अशा फाइलींसाठी इंटरनेट आर्काइव्ह आणि जुन्या संगणकांच्या चाहत्यांनी जपलेले व्होगन्सचे ड्रायव्हर भांडार यांवरच पुष्कळ लोकांची भिस्त राहिली आहे.

मूळ मशीनवरचे विंडोज चालू स्थितीत असेल आणि त्याची पिढी बॅकअप डिस्कच्या पिढीशी जुळत असेल, तर बाहेर शोधण्याची गरजच नाही. विंडोज १० मध्ये ‘पीएनपीयुटिल’ या आज्ञेच्या ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ पर्यायाने सर्व बाहेरचे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढता येतात. विंडोज ७ मध्ये ड्रायव्हर साठवले जातात त्या ड्रायव्हरस्टोअरच्या फाइल रिपॉझिटरीतून योग्य फोल्डर उचलता येतो. स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन या ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रोग्रामचे लॅन ड्रायव्हरांचे संचही माझ्या संग्रहात आहेत, कारण इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ते फार उपयोगी पडतात. मात्र त्यांतला ड्रायव्हर वापरण्याआधी कॅट फाइलवरची सही तपासावी. ड्रायव्हर प्रणालीच्या अगदी गाभ्यात चालतो आणि बॅकअप डिस्कसमोर मालकाचा सगळा डेटा उघडा असतो, तेव्हा इथे हयगय चालत नाही.

आता कॅटलॉगची खरी मर्यादा सांगतो. काही जुन्या चिपांसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर कधी लिहिलाच गेला नाही, आणि जो लिहिलाच नाही तो कोणत्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. पीसीआय पट्टीतली थ्रीकॉमची कार्डे, सिसची ९०० मालिका, व्हियाची ऱ्हाइन, एनव्हिडियाच्या एनफोर्स मदरबोर्डांवरचे लॅन, अशा चिपांसाठी ६४ बिट विंडोज १० चा ड्रायव्हर शोधण्यात दिवस घालवण्यापेक्षा विनपीईच सोडून द्यावी आणि क्लोनझिला लाइव्ह घ्यावे. तैवानच्या राष्ट्रीय उच्च-क्षमता संगणन केंद्रात विकसित झालेली ही मोफत डिस्क लिनक्सवर चालते आणि लिनक्सच्या गाभ्यात या सर्व चिपांचे ड्रायव्हर अनेक वर्षांपासून एकत्र ठेवलेले आहेत: रिअलटेक ८१३९ साठी ‘८१३९टू’, थ्रीकॉमसाठी ‘३सी५९एक्स’, सिससाठी ‘सिस९००’, एनफोर्ससाठी ‘फोर्सडेथ’, व्हियासाठी ‘व्हिया-ऱ्हाइन’. ड्रायव्हर शोधणे, उतरवणे, आत टाकणे हा प्रकारच तिथे उरत नाही. डिस्क चालू केली की कार्ड ओळखले जाते, आणि इमेज सांबा, एसएसएच किंवा एनएफएस या नेटवर्कवरून फाइली पाठवण्याच्या पद्धतींनी दुसऱ्या मशीनवर पाठवता येते.

लिनक्सच्या बाजूलाही दोन अडथळे आहेत. जुन्या सर्व्हरांत, विशेषतः डेलच्या पॉवरएज २९५० सारख्या मशीनांत, ब्रॉडकॉमची नेटएक्स्ट्रीम २ चिप असते. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, पण चिप चालायला वेगळी फर्मवेअर फाइलही लागते, आणि मुक्त परवान्याच्या कारणावरून काही वितरणे ती सोबत देत नसत. क्लोनझिला ज्याच्यावर उभे आहे त्या डेबियन या वितरणाने २०२३ मधल्या १२ व्या आवृत्तीपासून अशा फाइली अधिकृत डिस्कमध्ये घेतल्या, तेव्हा आता हा प्रश्न पुष्कळ सौम्य झाला आहे. दुसरा अडथळा ३२ बिटचा. डेबियनच्या २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिट मशीनवर स्थापना करण्याची सोय उरलेली नाही, म्हणून अशा मशीनांसाठी क्लोनझिलाची जुनी ३२ बिट आवृत्ती सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून काढून ठेवावी लागते.

ड्रायव्हर लागला, पत्ता मिळाला, तरीही फोल्डर जोडला जात नाही, असा एक प्रसंग येतो आणि त्यात दोष ड्रायव्हरला दिला जातो. तो दोष बहुतेक वेळा एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या नेटवर्कवर फोल्डर वापरू देण्याच्या पद्धतीच्या, आवृत्तीचा असतो. एक्सपीच्या काळातल्या मशीनांना आणि जुन्या नेटवर्क साठवण पेट्यांना फक्त एसएमबी १ येते, तर विंडोज १० ने २०१७ च्या १७०९ या आवृत्तीपासून ते मुळात बसवणेच थांबवले, आणि लिनक्सच्या गाभ्यानेही त्याच वर्षी ४.१३ या आवृत्तीत आपली मूळ निवड त्यावरून हलवली. इमेज जुन्या पेटीवर ठेवायची असेल तर जोडणी करताना आवृत्ती १.० असे स्पष्ट सांगावे लागते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरून खंडणी मागणारा प्रोग्राम याच वाटेने पसरला होता, हे ध्यानात ठेवून ही जोडणी कामापुरतीच ठेवावी आणि शक्य तिथे एसएसएच वापरावे.

डॉसच्या बूट फ्लॉपीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण नॉर्टन घोस्ट या डिस्कच्या इमेज काढणाऱ्या प्रोग्रामच्या जुन्या इमेजा जपून ठेवलेली मंडळी अजून आहेत. घोस्टची विक्री ३० एप्रिल २०१३ ला थांबली आणि कॅटलॉगमध्ये डॉससाठी काहीही नाही. तिथे एनडीआयएस २ प्रकारचा, डॉस असे शेपूट असलेला ड्रायव्हर लागतो, किंवा पॅकेट ड्रायव्हर लागतो. जुन्या कार्डांसाठी रसेल नेल्सन यांचा क्रिनवेअर संग्रह हा पहिला आधार आहे. डॉसच्या ड्रायव्हरची वेगळी अडचण अशी की तो सापडूनही ‘प्रोटोकॉल डॉट आयएनआय’मधले त्याचे नाव अचूक न लिहिल्यास चढत नाही, आणि डॉसच्या मेमरीच्या ६४० केबीच्या मर्यादेत बाकीच्या प्रोग्रामांना जागा ठेवावी लागते. कार्डाच्या बूट रॉममध्ये पीएक्सई, म्हणजे नेटवर्कवरून बूट होण्याची सोय, असेल तर यूएनडीआयचा सामाईक ड्रायव्हर वापरून चिपचा खास ड्रायव्हर टाळता येतो, आणि शक्य असेल तिथे मी तोच मार्ग सुचवतो.

कॅटलॉगच्या भवितव्याबद्दल मला खरी काळजी वाटते. १९ जून २०२५ ला मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज अपडेटमधले जुने ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने काढले जातील, आणि पहिल्या टप्प्यात ज्यांच्या जागी नवा ड्रायव्हर उपलब्ध आहे ते जातील. ज्या उत्पादकाला आपला ड्रायव्हर परत हवा असेल त्याने कारण देऊन तो पुन्हा प्रकाशित करावा, अशी तरतूद आहे. सुरक्षेसाठी आणि सुसंगतीसाठी हे पाऊल उचलल्याचे कंपनी सांगते आणि ते कारण मला पटते. पण वर सांगितल्याप्रमाणे विनपीई ३ सारख्या जुन्या डिस्कला नेमका जुनाच ड्रायव्हर हवा असतो, आणि ज्या कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या त्यांच्या वतीने पुन्हा प्रकाशित करायला येणार कोण? थ्रीकॉम २०१० मध्ये एचपीत विलीन झाली. तिच्या लॅन कार्डांची बाजू मांडणारे आज कोणी उरलेले नाही.

म्हणून ही सेवा आज वापरणाऱ्यांना माझी शिफारस अशी आहे. विंडोज ७ पासून पुढच्या कोणत्याही विनपीईसाठी ड्रायव्हर हवा असेल तर पहिला शोध इथेच घ्यावा, सापडलेली कॅब फाइल तशीच राखून ठेवावी, आणि आपल्या देखरेखीखाली असलेल्या प्रत्येक मशीनच्या लॅन कार्डाचे क्रमांक मशीन चालू आहे तोवरच लिहून घ्यावेत. मी ते क्रमांक, चालणारा ड्रायव्हर आणि ज्या विनपीईवर तो तपासला तिची पिढी अशी नोंद मशीनच्या मालकाकडेही छापून देतो, कारण पुढच्या वेळी त्या मशीनसमोर दुसराच कोणी उभा असू शकतो.